एकोणीसशे विसावं अक्षर

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. मी चौथीपर्यंत शिकले, तेही शहाद्याकडच्या एका गावात. तिथे चारही वर्ग एकाच खोलीत बसायचे आणि जागा कमी म्हणून चौथीला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मी अजून अंदाजानेच ठरवते. त्यात साड्यांना खडे चिकटवून बोटं अशी झाली आहेत की पेन चिमट्यासारखं धरलं जातं. ही वही मुलीच्या कॉलेजच्या जर्नलची आहे. एका बाजूला तिचं लिहिलेलं, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी लिहिते आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवते. कोणी वाचावं असं नाही. पण सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीतल्या बायका सांगत फिरतात की मी कॉम्प्युटर शिकले आणि शेठला बनवलं. दोन्ही खोटं आहे, म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

शेठचं दुकान रिंग रोडवरच्या एका मार्केटात तळमजल्यावर आहे. तिथून आम्ही चाळीस बायका साड्या घरी आणतो, खडे चिकटवतो आणि परत नेऊन देतो. एका खड्याला दहा पैसे. मी सात वर्षं जाते आहे. सात वर्षांत मी शेठशी जे काही बोलले ते सगळं मिळून या पानावर मावेल, कारण मी फक्त माझा नंबर सांगायचे. ‘सतरा.’ एवढं म्हणून मी खांबामागे उभी राहायचे. शेठ चांगला माणूस आहे, ओरडत नाही. पण माझा आवाज दुकानात गेल्यावर कुठे जातो ते मलाही माहीत नाही.

त्या दुकानाचा एक नियम आहे. बाई साड्या घरी नेते, म्हणजे तिने काहीतरी तारण ठेवायला पाहिजे. पण शेठ अख्खी वस्तू ठेवून घेत नाही, अर्धीच घेतो. म्हणजे कुकरचं झाकण, मिक्सरचं भांडं, टीव्हीचा रिमोट, जोडीतलं एकच पैंजण. शेठ म्हणतो, अख्खी वस्तू ठेवली तर बाई तिच्याशिवाय जगायला शिकते. अर्धी ठेवली तर उरलेली अर्धी तिला घरात रोज दिसते. त्यामुळे दुकानातल्या मागच्या फळीवर चाळीस घरांच्या अर्ध्या वस्तू मांडलेल्या आहेत. माझं पोळपाट सात वर्षं तिथे आहे. लाटणं घरी. मी ताट पालथं घालून त्यावर पोळ्या लाटते.

मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. दुसऱ्या वर्षाला सरांनी सांगितलं की घरी स्वतःचं मशीन पाहिजे. जुना लॅपटॉप अठरा हजाराला मिळत होता. भिशीचे आठ हजार चारशे हातात होते. उरलेले नऊ हजार सहाशे शेठने दिले, व्याज नाही, कागद नाही. मी फक्त मान हलवली. मग शेठने नियमाप्रमाणे लॅपटॉपचा चार्जर ठेवून घेतला आणि पोळपाटाशेजारी मांडला.

त्यामुळे असं झालं की लॅपटॉप आमच्या घरी आणि त्याचा जीव रिंग रोडला. मुलगी कॉलेजातून निघून दुकानात जायची, फळीखाली स्टुलावर बसून लॅपटॉप भरून घ्यायची आणि घरी आली की दोन तासांत तो विझायचा. गल्लीतली एक बाई म्हणाली, बाजारात दुसरा चार्जर मिळतो की, घेऊन टाक. मी तसं करू शकले नाही. चार्जर शेठकडे आहे आणि लॅपटॉप घरी चालतो आहे, हे शेठला कळलं असतं तर? आणि कळलं नसतं तर आणखी वाईट. नवरा सचिन नावाच्या गावी कारखान्यात लूमवर जातो. तिथल्या आवाजामुळे त्याला घरीही मोठ्याने बोलायची सवय आहे. तो रोज आल्या आल्या अहिराणीत विचारायचा, ‘आते काय?’ म्हणजे आता काय झालं. मी म्हणायचे, काही नाही. मुलीची प्रॅक्टिकलची परीक्षा दीड महिन्यावर आली होती आणि चार्जर घरी आला नाही तर तिचा अभ्यास त्या स्टुलावरच होणार होता.

त्याच दिवसांत मार्केटातून साड्यांचा एक गठ्ठा परत आला. काळ्या जॉर्जेटवर पांढरी भुकटी होती. दुकानात एक फळा होता. कोणत्या नंबरच्या बाईकडे किती साड्या आहेत ते मेहताजी त्यावर खडूने लिहायचे. मेहताजी म्हणजे दुकानाचे हिशेबनीस, सत्तरीचे, कानावर पेन. ती भुकटी त्यांच्या खडूची होती. शेठने त्याच दिवशी फळा उतरवला. मग त्याची नजर गल्ल्याशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेली. त्याच्या भाच्याने त्यात काहीतरी फुकटातलं भरून ठेवलं होतं आणि तेव्हापासून त्यावर चित्रं यायची बंद झाली होती. फक्त काळी खिडकी आणि त्यात पांढरी इंग्रजी अक्षरं. शेठने काळा पडदा बघितला, पांढरी अक्षरं बघितली आणि म्हणाला की हा तर फळाच आहे, खडूशिवायचा.

माझी मुलगी समोर स्टुलावर बसलेली होतीच.

तिने सांगितलं की हे आम्हाला शिकवतात, मी करून देते. शेठने विचारलं, किती अक्षरं मावतात? ती म्हणाली, आडवी ऐंशी, उभ्या चोवीस ओळी. मेहताजींनी लगेच गुणाकार केला, एकोणीसशे वीस. माझं देणं नऊ हजार सहाशे. मेहताजींनी भागाकार केला. एका अक्षराला बरोबर पाच रुपये. शेठने स्वतः पुन्हा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

‘बाकी मींडुं,’ तो म्हणाला. मींडुं म्हणजे शून्य.

शेठला बाकी शून्य येणं फार आवडतं. त्याला त्यात देवाचा हात दिसतो. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की खड्यासारखाच हिशेब करायचा. अक्षराला पाच रुपये, पडदा पूर्ण भरला की देणं फिटलं आणि चार्जर मोकळा. मेहताजींनी वहीत नवं पान काढलं आणि वर ‘अक्षर खातं’ असं लिहिलं. मुलगी मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, मम्मी, जगात कोणी प्रोग्रॅमचे पैसे अक्षरावर मोजत नाही. मी म्हटलं, आपल्याकडे सगळंच नगावर मोजतात, त्यात काय. खरं सांगायचं तर मला तो हिशेब अगदी सरळ वाटला होता.

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला. तिने दुपारभर बसून तीनशे अक्षरं ठेवली आणि शेठला बोलावलं. पडदा काळाकुट्ट. शेठने चष्मा पुसला. मेहताजींनी पडदा पुसला. मुलगी घाबरून म्हणाली की अक्षरं आत आहेत. तिने समजावलं की हुकूम दोन असतात. एक ठेवण्याचा, अमुक ओळ, अमुक घर, हे अक्षर. तो दिला की अक्षर आपल्या जागी बसतं, पण दिसत नाही. दुसरा हुकूम दाखवण्याचा. तो द्यायचा ती विसरली होती.

शेठ म्हणाला, ‘अंदर बैठे हैं तो बाहर बुलाओ ना, बेन. मैं क्या यहाँ बाहर खड़ा रहने आया हूँ?’

तिने दुसरा हुकूम दिला आणि तीनशेच्या तीनशे अक्षरं एकदम समोर आली. मेहताजी मागे सरकले. त्यांना वाटलं, ही एका क्षणात केली आणि पंधराशे रुपये मागते आहे. त्यांनी वहीत शेरा लिहिला की मुलगी काम लपवून ठेवते, अचानक काढते. नंतर रोज ते तिच्या मागे उभे राहून विचारायचे, आता आत किती आहेत?

दुसरा घोटाळा शून्याचा. तिने कागदावर ओळींचे नंबर टाकले होते, पण ते एकपासून नव्हते. मशीन शून्यापासून मोजतं. पहिली ओळ म्हणजे शून्य नंबर, शेवटची तेवीस. आडव्या घरांचंही तसंच. मेहताजींनी तो कागद पाहिला आणि शून्य नंबरच्या ओळीवर काट मारली, मग शून्य नंबरच्या उभ्या रांगेवरही. म्हणाले, पन्नास वर्षं वह्या लिहितो आहे, शून्य नंबरला माल कधी आला नाही आणि शून्य नंबरला मजुरी कधी गेली नाही. एकशे तीन घरं गेली. पाचशे पंधरा रुपये. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने नाक पुसलं आणि मार्केटच्या लिफ्टकडे बोट दाखवून विचारलं की तुमचं दुकान कोणत्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये तळमजल्याच्या बटणावर शून्य लिहिलेलं आहे. शेठ उठून लिफ्टपर्यंत गेला, बटण बघून आला. त्या शून्याचं भाडं तर तो दर महिन्याला भरतो. एकशे तीन घरं परत मिळाली.

मग रिकाम्या जागेचा प्रश्न आला. तिने पाटी छान मांडली होती. वर SHREE, खाली बायकांचे नंबर आणि प्रत्येकीच्या साड्या, मध्ये मोकळी जागा. चाळीसही बायकांना आपला नंबर लांबून दिसत होता. मेहताजींनी मोजली तर चारशे बारा अक्षरं भरली. मुलगी म्हणाली की मोकळं घरही एक अक्षरच असतं, मशीनला तेही ठेवावं लागतं. शेठने काउंटरवरची एक साडी उघडली आणि नुसत्या कापडावर बोट ठेवलं. म्हणाला, यहाँ खडा नहीं है, तो क्या मैं पैसा देता हूँ? मीच सात वर्षं त्या नियमाने पैसे घेत आले होते.

म्हणून तिने मोकळ्या जागा भरायला सुरुवात केली. आधी टिंबं. मग ओळींच्या मध्ये आडव्या रेघा. मग चारही बाजूंनी चांदण्यांची किनार, वरच्या ओळीत SHREE च्या दोन्ही अंगांना. जितकं भरत गेलं तितका शेठ खूश होत गेला. तो म्हणाला की आता कसं, फुल वर्कची साडी दिसते. रिकामा फळा दिसला की गिऱ्हाईकाला वाटतं धंदा मंदा आहे. फक्त आता कोणत्याही बाईला आपला नंबर सापडेना. बायका पडद्याला नाक लावून उभ्या राहायच्या. एकवीस नंबरची, अमरावतीकडची, ती तोंडाची फटकळ आहे. ती मला म्हणाली, ‘काय वो, तुमच्या पोरीनं आंगणात धान पसरवलं का काय? माह्या साड्या कुठी गेल्या त्यात?’ मी हसले आणि खांबामागे गेले. मेहताजी सगळ्यांचे आकडे मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहून ठेवायला लागले आणि बायका तो पुठ्ठा बघून घरी जायला लागल्या. पडदा कशासाठी आहे हे कोणी विचारलं नाही.

एकदा तिच्या हातून नुकसानही झालं. ओळ संपवून खाली जाण्याचा एक हुकूम असतो. तिला माहीत नव्हतं की तो दिला की त्या ओळीत उजवीकडे जे काही असेल तेही पुसून जातं. बावन्न अक्षरं एका झटक्यात गेली. मेहताजींनी दोनशे साठ रुपये उलटे लिहिले. ती रात्री जेवली नाही. मी तिला म्हटलं की माझ्या हातूनही एकदा अख्खा पदर गमाला चिकटला होता, होतं असं. दुसऱ्या दिवशी तिने बावन्नच्या बावन्न पुन्हा ठेवली.

लखलखाटाची गोष्ट तर लिहायलाच पाहिजे. शेठची इच्छा होती की SHREE चमकावं. तिने सांगितलं की होतं तसं, अक्षर ठेवतानाच त्याला ‘उघडझाप कर’ असं सांगून ठेवायचं. तिने केलं. पाच अक्षरं जायची, यायची, जायची, यायची. शेठने हात जोडले. मग मेहताजींनी सावकाश कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पाच अक्षरं, पाच रुपये, म्हणजे एकदा आली की पंचवीस. मिनिटाला साठ वेळा आली तर दीड हजार. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शेठच्या कानात काही सांगितलं. मुलगी ओरडून सांगत होती की अक्षर एकदाच ठेवलं आहे, नुसतं मिचकतं आहे, पैसे पुन्हा लागत नाहीत. शेठने ऐकलं नाही. सुरतेत शेठला स्वतःच्या हाताने काही करताना मी क्वचितच पाहिलं आहे, पण त्या दिवशी तो काउंटरखाली शिरला आणि त्याने प्लग उपटला. नंतर शांत झाल्यावर म्हणाला की देव स्थिर असलेला बरा.

असं करत करत पडदा भरला. परीक्षेला सतरा दिवस राहिले होते. मेहताजी चिमटा घेऊन मोजायला बसले. एकेका अक्षरावर चिमट्याचं टोक, आणि दर ओळीला वहीत एक रेघ. चोविसाव्या ओळीच्या शेवटी त्यांचा चिमटा थांबला. एकोणीसशे एकोणीस. खाली उजवीकडचा कोपरा रिकामा. किनारीतली शेवटची चांदणी नव्हती.

मुलीला वाटलं, ठेवायची राहिली. तिने ठेवली. तर अख्खा पडदा एक ओळ वर सरकला, वरची SHREE ची ओळ दिसेनाशी झाली आणि खाली एक कोरी ओळ आली. शेठ खुर्चीतून उठला. सगळ्यांचं म्हणणं पडलं की हे चांगलं लक्षण नाही. तिने सगळं परत मांडलं, पुन्हा कोपऱ्यात चांदणी ठेवली, पुन्हा श्री गेली.

तिने घरी येऊन मला समजावलं. अक्षर ठेवलं की मशीनचं बोट आपोआप पुढच्या घरात जातं. ओळ संपली की खालच्या ओळीत. पण शेवटच्या कोपऱ्यानंतर खाली ओळच नाही. मग मशीन सगळ्यांना वर ढकलून जागा करतं आणि सगळ्यात वर जे असेल ते बाहेर पडतं. मी विचारलं, सरकू नको असं सांगता येत नाही का? तेही तिने करून बघितलं होतं. तसं सांगितलं तर मशीन ते शेवटचं अक्षर ठेवायलाच नाही म्हणतं.

मग पाच रुपये राहिले.

मी दुसऱ्या दिवशी पाचाचं नाणं घेऊन गेले. काउंटरवर ठेवलं आणि मागे सरकले. शेठने नाण्याकडे असं बघितलं जसं मी साडीवर डाग ठेवला होता. मग त्याने मेहताजींना विचारलं, लिहिता येईल का? मेहताजी म्हणाले, खातं अक्षराचं आहे. त्यात रोकड आली तर ते अक्षर खातं राहत नाही, मग पहिल्यापासून सगळं रोकडीत लिहावं लागेल, मग भागाकार कशाला केला होता? शेठ म्हणाला की कोपऱ्याचा खडा नसेल तर माल घेणारी पार्टी साडी परत पाठवते, ती असं म्हणत नाही की खड्याचे दहा पैसे कापा. हेही खरं होतं. मी नाणं उचललं.

नऊ दिवस असे गेले. मुलगी रोज स्टुलावर बसून नवी युक्ती करायची, रोज श्री जायची, रोज शेठ हात जोडायचा. मेहताजींना तिची दया आली असावी. त्यांनी सुचवलं की कोपऱ्यात खरा खडाच चिकटवू. मी डब्यातून एक पांढरा खडा घेतला, गम लावला आणि काचेवर बरोबर त्या घरात बसवला. माझ्या हातचं काम, जागा तसूभर चुकली नाही. लांबून खरंच चांदणीसारखा दिसत होता. शेठ डोकं तिरकं करून बघत राहिला. मला वाटलं झालं. पण मग तो हळू आवाजात म्हणाला की हा खडा आहे, आणि खड्याचा भाव दहा पैसे आहे. दहा पैसे जमा करायचे असतील तर करतो, चार रुपये नव्वद पैसे उरतील. मी मानेनेच नको म्हटलं. संध्याकाळी मेहताजींनी फडकं मारलं तेव्हा तो खडा पडला आणि कचऱ्यात गेला. नवरा घरी आल्यावर नेहमीसारखं मोठ्याने म्हणाला, ‘आते काय?’ मी म्हटलं, पाच रुपये. तो म्हणाला, मी देतो. त्याला समजावत बसायला माझ्याकडे ताकद नव्हती.

परीक्षेला आठ दिवस होते. त्या सकाळी मी आणि मुलगी साड्यांचं बोचकं घेऊन शेअर रिक्षाने दुकानाकडे निघालो होतो. रिक्षाला डावीकडूनच चढता येतं, उजवीकडे लोखंडी दांडा आडवा लावलेला असतो. मुलगी ड्रायव्हरजवळ पुढे बसली. मागे आधीच एक माणूस होता, मधोमध पाय पसरून. मी डावीकडच्या कडेला टेकले. ड्रायव्हर त्याला म्हणाला, काका, सरको. काका सरकायला तयार नव्हते. कोपऱ्यात दांडा गुडघ्याला लागतो, म्हणाले. इतक्यात एक धिप्पाड बाई दोन पिशव्या घेऊन आली. तिने कोणाला काही विचारलं नाही. ती माझ्या जागेवर बसली. मी सरकले, माझ्यामुळे काका सरकले आणि सरळ त्या कोपऱ्यात जाऊन बसले. कोपऱ्यात त्यांना कोणी बसवलं नव्हतं. ते तिथे पोचले, एवढंच.

मी पुढे वाकून मुलीच्या खांद्याला हात लावला. एवढ्या माणसांत मी कधी बोलत नाही, पण तोंडातून निघून गेलं.

‘त्याला कोपऱ्यात ठेवूच नको. अलीकडच्या घरात ठेव आणि मग दुसरं मधे घुसव.’

सगळी रिक्षा माझ्याकडे बघायला लागली. काकांना वाटलं मी त्यांच्याबद्दल बोलते आहे. ते म्हणाले, आता अजून कोणाला घुसवताय, बाई? मी पदर तोंडावर घेतला. मुलगी मान वळवून त्या धिप्पाड बाईकडे बघत राहिली आणि मग तिने मोबाइल काढला.

असा एक हुकूम खरोखरच असतो. ठेवण्याचा नाही, घुसवण्याचा. तो दिला की त्या घरात नवं अक्षर येतं आणि उजवीकडची सगळी एकेक घर सरकतात. आणि यात मशीनचं बोट जागचं हलत नाही. त्यामुळे पुढचं घर शोधायचा प्रश्नच येत नाही. मुलगी म्हणाली की हा त्यांच्या पुस्तकात होता, पण तिला वाटलं की तो कशालाच उपयोगी पडणार नाही.

दुकानात पोचल्यावर तिने पडद्यावर सगळं पुन्हा मांडलं आणि शेठला बोलावलं. तिने कोपऱ्याची चांदणी एकोणऐंशीव्या घरात ठेवली. ऐंशीवं रिकामं. मग एकोणऐंशीव्या घरात दुसरी चांदणी घुसवली. मेहताजींनी विचारलं, आता आत किती आहेत? ती म्हणाली, सगळी. आणि दाखवण्याचा हुकूम दिला.

पडदा हलला नाही. वर श्री होती. खाली कोपऱ्यात चांदणी होती. दुकानात असलेल्या पाचसहा बायका पुढे आल्या. एकवीस नंबरची म्हणाली, ‘झालं का वो बारसं?’ कोणी हसलं नाही, कारण शेठ पडद्याजवळ तोंड नेऊन उभा होता. त्याने कोपऱ्यावर नखाने खरवडून पाहिलं. खडा नव्हता.

मग त्याला शंका आली. त्याने विचारलं की पैसे कोणत्या चांदणीचे द्यायचे, ठेवलेल्या की घुसवलेल्या? मुलगी दमली होती. ती माझ्याकडे बघायला लागली, मेहताजी माझ्याकडे बघायला लागले आणि मग शेठही खांबाकडे बघायला लागला. मी खांबामागून बाहेर आले.

मी म्हटलं, ‘शेठ, घरं मोजा. कोण कुठून आलं ते नका मोजू.’

आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकू गेला. शेठने मेहताजींना चिमटा दिला. मेहताजींनी पहिल्या ओळीपासून, म्हणजे शून्यापासून, पुन्हा मोजायला घेतलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, चहा आला, चहाचे कप गेले. मुलगी स्टुलावर बसून लॅपटॉपच्या झाकणावर बोटं वाजवत होती. मी उभीच होते. चोविसाव्या ओळीवर मेहताजी जरा सावकाश झाले. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. त्यांनी चिमटा खाली ठेवला, कानावरचं पेन काढलं आणि अक्षर खात्याच्या पानावर खाली लिहिलं, एकोणीसशे वीस अक्षरं, नऊ हजार सहाशे रुपये जमा. शेठने सही केली. मेहताजी फळीजवळ गेले, पोळपाट बाजूला केलं, चार्जरची गुंडाळलेली वायर सोडवून बघितली आणि मुलीच्या हातात दिली. मग त्यांनी पानावर आडवी काट मारून ते वाळायला उघडं ठेवलं. नऊ हजार सहाशे पुरे फिटले.